‘धर्मादायचं बजेट संपलं’ असं सांगितलं, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: काका सातारा जिल्ह्यातले, टेम्पो चालवतात. खुब्याचं हाड मोडलं म्हणून पुण्यात एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात ठेवलंय. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साधारण अडीच लाख. काउंटरवर आधी डिपॉझिट मागितलं, मग ‘या महिन्याचं धर्मादायचं बजेट संपलं’ असं सांगितलं. ‘सरकार यांना गरिबांसाठी पैसे देतं, मग हे नाही कसे म्हणू शकतात?’ असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं अशाच एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात, म्हणजे काउंटरच्या पलीकडच्या बाजूला, काढली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, ट्रस्टच्या रुग्णालयांतल्या या धर्मादाय योजनेसाठी सरकार एक पैसाही देत नाही. तिथे जाऊन ‘सरकारचे पैसे खाता’ असं म्हणालात तर समोरचा माणूस शांतपणे ‘आम्हाला अनुदान नाही’ म्हणेल आणि ते खरंच असेल. ट्रस्टला सवलतीची जमीन, वाढीव एफएसआय (म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी), आयकरातली सूट अशा स्वरूपात सरकारी मदत झालेली असते. त्या बदल्यात मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात (आताचं नाव महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) 1985 साली कलम 41 कक घातलं गेलं. अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, असं ते कलम सांगतं. अंमलबजावणी जेमतेमच होती. 2004 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, न्यायालयाने योजना ठरवून दिली आणि 1 सप्टेंबर 2006 पासून ती लागू झाली. राज्यात चारशेच्या वर रुग्णालयं तिच्याखाली येतात.

पैशाची सोय त्या योजनेत आहे. इतर सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ नावाच्या वेगळ्या खात्यात जमा करायची. सगळे त्याला आयपीएफ म्हणतात, तुम्हीही तिथे तोच शब्द वापरा. म्हणजे डीलक्स खोलीत राहून गेलेल्या माणसाच्या बिलातून तुमच्या काकांच्या औषधांचे पैसे येतात.

‘बजेट संपलं’ याचा अर्थ हा आयपीएफ त्या महिन्यात उणे झाला. हे नेहमी खोटं नसतं. वर्षाला 100 कोटींचं बिलिंग असलेल्या रुग्णालयाच्या आयपीएफमध्ये वर्षाला 2 कोटी, म्हणजे महिन्याला सोळा-सतरा लाख येतात. हृदयाचे किंवा आयसीयूचे चार-पाच मोठे रुग्ण आले की ते गेलेच. वीस टक्के खाटांवरच्या रुग्णांचा औषधोपचार सांभाळायचा दोन टक्के पैशात, हा हिशेब मुळातच तोकडा आहे आणि न्यायालयाच्या योजनेवर माझा खरा आक्षेप तोच आहे. उलट काही ठिकाणी महिनोन् महिने शिल्लक पडून असते आणि तरी काउंटरवर हेच वाक्य ऐकू येतं. तेव्हा ‘मागच्या महिनाअखेरची आयपीएफची शिल्लक किती?’ हा प्रश्न नम्रपणे पण विचाराच. तो आकडा त्यांना दरमहा धर्मादाय कार्यालयाला कळवावाच लागतो, त्यामुळे ‘माहीत नाही’ हे उत्तर चालत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाटा आणि आयपीएफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाट, परिचारिकांची सेवा, निवासी डॉक्टर, रुग्णालय देत असेल तर जेवण, चादरी, पाणी, वीज, साफसफाई, यांचं पात्र रुग्णाला बिलच लावायचं नाही. ते आयपीएफमधून येतच नाही, मग आयपीएफ संपला म्हणून ते बंद कसं होईल? फंड संपल्यावर राखीव खाट आपोआप नाहीशी होत नाही. काउंटरवरच्या मुलांना हा फरक बहुतेक वेळा माहीत नसतो, त्यांना वरून जे सांगितलं तेच ती बोलतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, थेट वैद्यकीय समाजसेवकाकडे जा. बोर्डावर एमएसडब्ल्यू असं लिहिलेलं असतं.

आता तुमचे काका कशात बसतात ते बघू. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, त्यावर 3 लाख 60 हजारांपर्यंत दुर्बल घटक. (जुन्या पोस्टींमध्ये 85 हजार आणि 1 लाख 60 हजार हे आकडे दिसतील, ते मागे पडले.) अडीच लाख म्हणजे दुर्बल घटक. यात सगळं फुकट होत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी भांडण ठरलेलं. वर सांगितलेल्या सेवा मोफत, ज्यांचं बिल लागतं त्या बाकीच्या सेवा सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने, आणि औषधं, साहित्य, इम्प्लांट छापील किमतीने नव्हे तर रुग्णालयाच्या खरेदी किमतीने लावायची. त्या औषध-साहित्याच्या रकमेतला किमान निम्मा वाटा रुग्णाने भरायचा.

खुब्याच्या ऑपरेशनमध्ये मोठी रक्कम इथेच असते. समजा औषधं आणि इम्प्लांट मिळून छापील किमतीने 80 हजार होतात आणि रुग्णालयाची खरेदी 45 हजारांची आहे. तर तुमचा किमान वाटा 22 हजार 500. पण बिलात 80 हजारच धरून ‘निम्मे 40 भरा, सवलत दिली’ असं झालं तर घरचे आभार मानून निघून जातात. म्हणून अंतिम बिलाआधी इम्प्लांटचं खरेदी बीजक बघायला मागा. प्लेट, स्क्रू किंवा बॉल जे बसवलं असेल त्याचं स्टिकर केसपेपरवर चिकटवलेलं असतं, त्यावरचा क्रमांक बीजकाशी जुळवता येतो. डॉक्टरांनी मानधन सोडलं असेल तर तेही बिलात धरायचं नसतं, एवढं विचारून घ्या.

कागदपत्रं म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार. तुमच्या बाबतीत एक खोच आहे. काकांचं रेशन कार्ड केशरी असेल, तर त्याची उत्पन्नमर्यादा 1 लाख, आणि दाखल्यावर अडीच लाख दिसले की समाजसेवक शंका घेणारच. घाबरू नका, कार्ड जुनं आहे आणि दाखला ताजा आहे, असं सरळ सांगा. गावाकडून दाखल्याचा फोटो मागवून आजच द्या, मूळ प्रत मागाहून.

अर्ज मात्र लेखीच द्या. साध्या कागदावर चार ओळी, ‘धर्मादाय योजनेखाली दुर्बल घटक म्हणून लाभ मिळावा’, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. घेत नसतील तर रुग्णालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. याचं कारण देखरेखीची रचनाच तशी आहे. या रुग्णालयांवर लक्ष ठेवायचं काम आरोग्य खात्याचं नाही, धर्मादाय आयुक्तांचं आहे. त्या कार्यालयाचा बहुतेक वेळ ट्रस्टची नोंदणी, बदल अर्ज, हिशेब आणि विश्वस्तांच्या भांडणांत जातो. देखरेख समित्या आहेत, पण त्यांच्यासमोर येतात ते रुग्णालयाने स्वतः भरलेले तक्ते. अमुक इतके निर्धन, अमुक इतके दुर्बल, खर्च इतका. दारातून परत गेलेला माणूस कुठल्याच रकान्यात नसतो. ज्याच्या हातात पोच आहे, त्याला नाकारलं हे निदान कागदावर येतं. माझ्या विभागात लेखी अर्ज आला की फाइल वर जायची, तोंडी विनंती आली की ती माझ्याच टेबलावर संपायची.

डिपॉझिटचं: निर्धन रुग्णाकडून ते मागायचंच नाही आणि तातडीच्या स्थितीत आधी दाखल करून जीव वाचवणारे उपचार करायचे, हे योजनेत पहिल्यापासून आहे. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात गरोदर महिलेच्या मृत्यूनंतर एवढा गदारोळ झाला, तोवर ते वाचलं कुणी नव्हतं. काका दुर्बल घटकात येतात, तेव्हा पूर्ण सूट मागू नका. सवलतीचा हिशेब धरूनच रक्कम सांगा, असं म्हणा.

याच्या जोडीला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच. इथे मात्र खरंच सरकारचा पैसा आहे. 1 जुलै 2024 पासून कुठल्याही रंगाचं रेशन कार्ड चालतं, संरक्षण 5 लाखांपर्यंत. पण रुग्णालय योजनेत सहभागी असायला हवं आणि मोठी ट्रस्ट रुग्णालयं असतीलच असं नाही. शिवाय काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाचं, टेबल दिसतंय का बघा, नाहीतर 155388 वर फोन करून विचारा. ऑपरेशन अजून झालं नसेल आणि डॉक्टर हलवायला हरकत नाही म्हणत असतील, तर योजनेत असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात नेणं तुम्हाला स्वस्त पडू शकतं. हे ट्रस्टचं रुग्णालय आपणहून सुचवणार नाही.

मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज उपचार चालू असतानाच करा, बिल भरून झाल्यावर परतावा सहसा मिळत नाही. त्याच्याशीच जोडलेला धर्मादाय रुग्णालय मदत कक्ष आहे. समाजसेवकाने आज संध्याकाळपर्यंत दाद दिली नाही तर तिथे आणि पुण्याच्या सहधर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्जाची पोच जोडून तक्रार करा. त्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर त्या रुग्णालयाच्या राखीव रिकाम्या खाटांचा आकडा बघा आणि तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. तिथे खाट रिकामी आणि काउंटरवर ‘शिल्लक नाही’, असं असेल तर तक्रारीत तेवढंच लिहा, बाकी गाऱ्हाणी नकोत. आणि रुग्णालयाचं नाव मला इथे नको, मेसेजमध्ये कळवा.