दिवसा नोकरी, रात्री पोकर: आधी वही आणा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं लांबलचक पत्र आलं आहे. वय अडतीस, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, नोकरीवर मिळालेला एच-१बी व्हिसा, ग्रीन कार्डची रांग. पत्नी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, मुलगा सात वर्षांचा. त्या रांगेत उभं राहणं म्हणजे काय, हे आपण एकमेकांना सांगायला नको.

ते लिहितात: "दर शनिवारी अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत जातो. आठवड्यातून दोन-तीन रात्री मुलगा झोपला की ऑनलाइन खेळतो. सगळे मिळून वीसेक तास होतात. मी जुगारी नाही. पोकर हा कौशल्याचा खेळ आहे आणि मी त्याचा अभ्यास करतो. गेल्या वर्षी साधारण अठरा हजार डॉलर सुटले. बायकोला कल्पना आहे. नोकरी सांभाळून हे उत्पन्न कसं वाढवू? व्हिसाला धोका आहे का? पुण्यात आई-बाबांना सांगू का? रविवारी सकाळी मुलाला मराठी शाळेत न्यायला मला जागच येत नाही, त्याचं वाईट वाटतं."

पत्र प्रामाणिक आहे आणि तुमचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पोकर म्हणजे मटका नव्हे. तुम्ही कॅसिनोशी खेळत नाही, समोर बसलेल्यांशी खेळता. कॅसिनो प्रत्येक डावातून आपला रेक, म्हणजे वाटा, काढून घेतो, आणि तो भरूनही नफ्यात राहणारी माणसं असतात. पण अहो, "साधारण अठरा हजार" हे काय उत्तर झालं? पगाराच्या स्लिपवर चार डॉलर कमी दिसले तर तुम्ही एचआरला मेल पाठवाल. मग इथेच साधारण कसं चालतं?

माझे आजोबा साताऱ्यात किराणा दुकान चालवायचे. रात्री गल्ला मोजून कीर्द लिहिल्याशिवाय ते पानावर बसत नसत. आजी ताट वाढून वाट बघायची, पण लिहून होईपर्यंत हाक मारायची नाही. पुढे आम्ही इथे आलो आणि १९९९ च्या सुमारास डॉट कॉमच्या तेजीत माझ्या यजमानांनी रात्री बसून शेअर्सचे सौदे सुरू केले. कोणता शेअर किती वर गेला ते जेवताना उत्साहानं सांगायचे. मी आजोबांसारखी वही समोर ठेवली आणि म्हटलं, प्रत्येक सौदा इथे लिहा, कमिशनसकट. वर्षअखेरीला बेरीज केली तेव्हा कळलं की पैसे बँकेत नुसते पडून राहिले असते तरी जास्त मिळाले असते. ते खोटं बोलत नव्हते. जिंकलेलं माणसाच्या लक्षात राहतं, गेलेलं राहत नाही.

तुमच्याच आकड्यांची बेरीज करू या. आठवड्याला वीस तास, वर्षाचे पन्नास आठवडे, म्हणजे हजार तास. एडिसनहून अटलांटिक सिटीला जाऊन यायला तीन तास तरी लागतात, ते वर्षाचे आणखी दीडशे. अठरा हजारांना साडेअकराशे तासांनी भागा. ताशी साडेपंधरा डॉलरच्या आसपास पडतात. न्यू जर्सीत २०२५ मध्ये किमान वेतनच १५ डॉलर ४९ सेंट होतं. आणि यातून पेट्रोल, पार्कवेचा टोल, डीलरची टिप, तिथलं जेवण अजून वजा केलेलं नाही. करही नाही.

तुम्ही म्हणाल, पुढच्या वर्षी जास्त मिळवीन. मिळवालही. पण एक-तीन डॉलरच्या नो-लिमिट टेबलावर, म्हणजे जिथे समोरचं सगळं एका डावात लावता येतं तिथे, तासाला पंचवीस-तीस डाव होतात. तिथला चांगला खेळाडू ताशी पाच ते दहा बिग ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी लावायची मोठी सक्तीची रक्कम, इथे तीन डॉलर) कमावतो, म्हणजे पंधरा ते तीस डॉलर. उलट एकाच डावात तीनशे डॉलरचा स्टॅक, म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स, जाऊ शकतो. त्यामुळे शंभर तास खेळून चांगला खेळाडू तोट्यात आणि कच्चा खेळाडू नफ्यात असं सहज घडतं. आपण यातले नेमके कोण, हे खूप तासांची नोंद हातात असल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून उत्पन्न कसं वाढवू, या प्रश्नाचं आज माझ्याकडे उत्तर नाही. उत्पन्न आहे का, तेच आधी ठरायचं आहे.

तेव्हा वही आणा. स्प्रेडशीट चालेल, पण टेबलावरून उठल्या उठल्या भरा, दुसऱ्या दिवशी आठवून नको. तारीख, ठिकाण, कोणता खेळ, किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो, वरखर्च. ही काही म्हातारीची हौस नाही. आयआरएसला, म्हणजे इथल्या करखात्यालाही, अशीच रोजनिशी हवी असते, शिवाय सोबत कोण होतं तेही विचारतात. कर पूर्ण जिंकलेल्या रकमेवर लागतो. हरलेली रक्कम वजा करायची तर आयटमाइझ करावं लागतं, म्हणजे एकेक वजावट वेगळी मांडावी लागते, आणि सरसकट मिळणाऱ्या स्टँडर्ड डिडक्शनवर पाणी सोडावं लागतं. त्यात २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्यानं २०२६ पासून हरलेल्यातलं ९० टक्केच वजा करता येतं. समजा जिंकलेल्या बैठकांचे साठ हजार आणि हरलेल्यांचे बेचाळीस हजार झाले. हातात अठरा हजार आले, पण करासाठी धरणार बावीस हजार दोनशे. जे बेचाळीसशे तुम्हाला मिळालेच नाहीत त्यांवरही कर. वही नसेल तर बेचाळीस हजार गेले हे सिद्ध कशानं करणार?

पत्रात तुम्ही ख्रिस मनीमेकरचं उदाहरण दिलं आहे. नोकरी करणारा साधा माणूस २००३ मध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेला, हे खरं. पण त्या स्पर्धेत ८३९ जण बसले होते आणि त्यातले बहुतेक रिकाम्या हातानं घरी परतले. आणि तो स्वतः अकाउंटंट होता, हे तुम्ही विसरलात!

आता "बायकोला कल्पना आहे" याबद्दल. मला हे वाक्य आवडलं नाही. त्यांचा व्हिसा तुमच्या नोकरीला बांधलेला, आरोग्यविमा तुमच्या नोकरीतून, मुलाचं इथलं राहणं तुमच्या नोकरीवर. मग त्यांना नुसती कल्पना असून कसं चालेल? महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांनी बसून ती वही वाचायची. हरलेला महिना असेल तेव्हा तर नक्कीच. खेळाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. त्यात साधारण तीस बाय-इन, म्हणजे एका वेळी घेऊन बसायच्या रकमेच्या तीसपट, असावेत हा जुना नियम आहे, आणि ते खातं आटलं तर घरच्या बचतीतून त्यात भर घालायची नाही. वही दाखवायची वेळ आली की पान लपवावंसं वाटलं, किंवा गेलेले पैसे परत आणायला रात्री पुन्हा लॉगइन केलंत, तर मला नव्हे, जुगाराच्या व्यसनासाठीच्या १-८००-गॅम्बलर या हेल्पलाइनला फोन करा. त्यात लाज कसली?

व्हिसाचं थोडक्यात. हौस म्हणून खेळून जिंकणं ही सहसा नोकरी धरत नाहीत. पण कर भरताना शेड्यूल सी हा धंद्याच्या उत्पन्नाचा फॉर्म जोडून स्वतःला व्यावसायिक खेळाडू म्हणवून घेणं म्हणजे मी धंदा करतो असं कागदावर लिहून देणं, आणि एच-१बी वर ते महागात पडू शकतं. त्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. नोकरी सोडायचा विचार तर मनातही आणू नका. नोकरी सुटल्यावर इथे राहायला मिळणारी साठ दिवसांची सवलत संपली की काय होतं ते तुम्ही ओळखीपाळखीत पाहिलं असेलच.

आई-बाबांना आत्ता सांगायची घाई नाही. वर्षभराची वही झाली की जे काय असेल ते आकड्यांनिशी सांगा.

आणि मुलगा. शाळेचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच हातात पडतं. त्यातले सगळे रविवार आजच कॅलेंडरवर भरा, आदल्या रात्री खेळ बंद. अटलांटिक सिटी उरलेल्या शनिवारी.