चार वर्षांच्या मुलाला घेऊन श्टुटगार्टला येताना

तुम्ही विचारलंत की नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून श्टुटगार्टला यायचं ठरतंय, मुलगा चार वर्षांचा आहे, जर्मनचं अक्षर येत नाही. तो रुळेल का आणि त्याचं मराठी टिकेल का? आम्हीही नऊ वर्षांपूर्वी तीन वर्षांच्या लेकीला घेऊन इथेच आलो, म्हणून सविस्तर लिहिते.

तो रुळेल. काळजी आधी जागेची करा. इथल्या बालवाडीला ‘किटा’ म्हणतात. वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला तिथे जागा मिळण्याचा हक्क 2013 पासून कायद्यात आहे, पण प्रत्यक्षात जागा कमी पडतात. आम्ही सात महिने थांबलो. त्यामुळे पत्ता पक्का झाला की त्याच आठवड्यात अर्ज करा. गोवराच्या दोन्ही डोसांची नोंद असलेलं लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, 2020 पासून ते दाखवावंच लागतं.

जागा मिळाली म्हणजे मुलाला दारात सोडून कामाला पळता येईल, असं नाही. इथे ‘आइनगेव्योनुंग’ असते, म्हणजे मुलाला हळूहळू सवय करणं. पहिले काही दिवस तुम्ही त्याच्याबरोबर वर्गातच बसता. मग पाच मिनिटं बाहेर जाता, मग पंधरा, मग अर्धा तास. यात दोन-चार आठवडे जातात, तेवढी रजा कुणीतरी एकाने काढायलाच हवी. मी त्या बुटक्या खुर्चीवर बसले होते तेव्हा मला पुण्यातल्या बालवाडीतला दिवस आठवला. लेक रडत होती, ताईंनी तिला आत घेतलं आणि ‘तुम्ही निघा, होईल शांत’ म्हणाल्या. मी निघाले होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

जेवणाचं मात्र मलाच जड गेलं. मी वाटी घेऊन तिच्या मागे फिरणारी आई. किटात तीन वर्षांची मुलं आपल्या हाताने वाढून घेतात, आणि नको म्हटलं की कुणी आग्रह करत नाही. महिनाभर मला वाटायचं, पोर उपाशी राहतेय. शेवटी मी शिक्षिकेला विचारलं. ती म्हणाली, पोट तिचं आहे, तिला कळतं. तुमचा मुलगा स्वतःच्या हाताने जेवत नसेल तर आत्तापासून सवय लावा, इथे त्याला अवघडल्यासारखं होणार नाही.

पावसातही मुलांना बाहेर नेतात. चिखलात खेळायची रबरी विजार आणि गमबूट इथेच घ्या. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच भरा. बऱ्याच इमारतींत ‘केअरवोखे’ असते. त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. ती चुकवू नका, शेजारी ते मनावर घेतात.

आता मराठी. कुणीतरी सांगेलच की मुलगा लवकर रुळावा म्हणून घरीही जर्मन बोला. तसं करू नका. जर्मन त्याला किटा शिकवेल, आणि आपल्यापेक्षा चांगलं शिकवेल. आम्ही पहिलं वर्ष मोडकंतोडकं जर्मन बोललो, आणि लेक आजीशी फोनवर अडखळायला लागली. आजीने एकदा विचारलं, ‘ही माझ्याशी बोलत का नाही गं?’ त्या रात्रीपासून घरात फक्त मराठी. पहिले काही महिने ती उत्तर जर्मनमधून द्यायची. आम्ही न रागावता मराठीतच बोलत राहिलो. आजीने फोनवर गोष्ट सांगायची वेळ रविवारी सकाळी ठेवली, कारण हिवाळ्यात वेळेचा फरक साडेचार तासांचा होतो आणि इथली संध्याकाळ होईपर्यंत तिकडे झोपायची वेळ झालेली असते. आज लेक बारा वर्षांची आहे आणि गोष्ट आता तीच आजीला वाचून दाखवते.

सामानात लोणच्याच्या बरण्या कमी करा, लोणचं इथल्या भारतीय दुकानांत मिळतं. ते वजन मराठी गोष्टींच्या पुस्तकांना द्या. आणि आत्ताच्या वयाची नको, सहा-सात वर्षांच्या मुलांची घ्या, म्हणजे तो अक्षरं शिकेल तेव्हा हाताशी असतील.