कांदा निर्यातीत पुन्हा उतरावं का?

प्रश्न : निफाड तालुक्यात माझं कांद्याचं खळं आहे. 2022 मध्ये आयात-निर्यात कोड काढून दुबई-कोलंबोला थोडा माल पाठवला. डिसेंबर 2023 मध्ये बंदी आली तेव्हा माझे कंटेनर बंदराच्या वाटेवर होते. माल परत आणून पडेल त्या भावात विकावा लागला. आता निर्यात खुली आहे, पण वडील म्हणतात, इथलाच बाजार बरा. काय करू?

उत्तर : वडिलांचं म्हणणं भित्रेपणाचं नाही. मी बरीच वर्षं न्हावा शेवाला निर्यातीची कागदपत्रं करतो. लहान निर्यातदार कमी नफ्याला घाबरत नाही, तो रातोरात निघणाऱ्या अधिसूचनेला घाबरतो.

तुम्ही हे सोसलंच आहे. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी भावात माल बाहेर पाठवता येत नव्हता, 8 डिसेंबरपासून बंदी. ती 31 मार्चपर्यंतच असणार होती, मुदत संपायच्या आधीच वाढवली. 4 मे 2024 ला उठली, तीही 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून तेही नाही. अशात पुढच्या महिन्याचा भाव खरेदीदाराला कुणी कसा द्यायचा?

मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळी आहे. परकीय व्यापार धोरणाच्या परिच्छेद 1.05 नुसार बंदीआधी उघडलेल्या, रद्द न होणाऱ्या एलसीवरचा (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी) माल काही अटींवर जाऊ शकतो. डिसेंबरच्या अधिसूचनेत ही तरतूद लागू नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. ज्याचं लोडिंग सुरू झालं होतं किंवा जो कस्टम्सच्या ताब्यात गेला होता, असा माल सुटला. नियम पाळून एलसी घेणाऱ्याचीही वाट बंद झाली. पुढे सहा देशांसाठी 99,150 टनांना परवानगी मिळाली, पण राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत; तुमच्या खरेदीदाराला तुमच्या नावावर माल घेता येत नव्हता. शहरात कांदा परवडला पाहिजे, हे मलाही मान्य आहे. पण त्यासाठी झालेले सौदे मोडायची गरज नव्हती. ते पुरे करायला पंधरा-वीस दिवस दिले असते, तर तुमच्यासारखे कितीतरी जण आज डगमगले नसते.

तरी माझं मत, उतरा. करारात लिहून घ्या की सौद्यानंतर लागलेलं शुल्क खरेदीदार भरेल, आणि आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय माल हलवू नका. कर्ज काढून निर्यातीसाठी कांदाचाळ भरू नका. जमलं तर सुकवलेल्या कांद्याकडेही बघा. 2020 च्या बंदीतून कांद्याची पावडर वगळली होती.

आणि तुमचा कोड 2022 चा आहे. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यावरची माहिती अद्ययावत करावी लागते, बदल नसला तरी. राहिलं असेल तर कोड निष्क्रिय झाला असेल. आधी तो चालू करून घ्या, मग कोलंबोला फोन लावा.