शिक्षकांनी नाव दिलं नाही, म्हणजे मूल प्रज्ञावान नाही असं धरायचं का?

तुम्ही विचारलंय की वर्गातल्या काही मुलांची नावं प्रज्ञावान गटाच्या चाचणीसाठी गेली, तुमच्या मुलीचं गेलं नाही, तर शाळा ही मुलं ठरवते तरी कशी. मी प्राथमिकचे वर्ग शिकवते आणि काही वर्षं अशा निवड समितीवर होते, म्हणून आतून पाहिलेलं सांगते.

बऱ्याच शाळांत हे काम दोन टप्प्यांत चालतं. आधी वर्गशिक्षक नावं सुचवतात, मग फक्त त्याच मुलांची चाचणी होते. पालक वाद घालतात तो चाचणीवरून. खरी गळती मात्र त्याआधीच झालेली असते.

माझ्याच वर्गात एक मुलगी होती. बेरजेची वीस उदाहरणं दिली की तीन सोडवायची, बाकी कागद कोरा. शिफारशीच्या तक्त्यात 'काम वेळेत पूर्ण करते', 'उत्तर द्यायला पुढे येते' असे रकाने होते. दोन्हीकडे मी सर्वांत खालची खूण केली आणि तिचं नाव दिलं नाही. काही दिवसांनी तपासताना तिचा कागद सहज उलटला. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं: 3 = 1+2, 5 = 2+3, 6 = 1+2+3, 7 = 3+4, असं पार विसाच्या पुढे. आणि 2, 4, 8, 16 यांच्याभोवती गोल. लागोपाठच्या संख्या मिळवून हे आकडे येतच नाहीत, हे तिनं आपलं आपण शोधलं होतं. विचारलं तर म्हणाली, "पुढचा 32 असणार बाई, पण अजून करून बघितला नाही." नावं पाठवायची मुदत तेव्हा उलटून गेली होती. ते मला आजही टोचतं.

शिक्षकांच्या नजरेत भरतं ते नेटकं अक्षर, स्वच्छ बोलणं, पुढाकार. शाळेची भाषा घरी न बोलणारं मूल, वाचनात अडखळणारं मूल, कंटाळून खिडकीबाहेर बघणारं मूल राहून जातं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ब्रॉवर्ड काउंटी या शाळा-जिल्ह्यानं 2005च्या सुमारास शिफारशीची वाट न बघता दुसरीच्या सगळ्याच मुलांची आकृत्यांवर आधारलेली छोटी चाचणी घेतली. गरीब घरांतल्या, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (म्हणजे मूळच्या स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या) मुलांचं निवडीतलं प्रमाण बरंच वाढलं. मुलं तीच होती, फक्त त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. पुढे पैशांअभावी हा उपक्रम आखडता घेतला, तसं ते प्रमाणही पुन्हा खाली आलं.

आता चाचणीविषयी. बुद्ध्यांकाची सरासरी 100 धरलेली असते आणि 130 ही रेघ पुष्कळ ठिकाणी वापरतात. शंभरात साधारण दोन मुलं तिच्या वर असतात. पण 128 मिळवणारं मूल दुसऱ्या दिवशी 131 मिळवू शकतं, तेवढा फरक मोजमापातच असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी 1921 साली प्रज्ञावान मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला, तेव्हा विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं चाचणीत त्यांच्या रेघेखाली राहिली. दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, 1956 आणि 1968 मध्ये.

शाळा सांगतात की आम्ही एकाच गोष्टीवर ठरवत नाही. चाचणी, अभ्यासातले गुण आणि शिक्षकांचं मत असं सगळं बघतो. तिथे एक प्रश्न जरूर विचारा: या तीन गोष्टींच्या मध्ये 'आणि' आहे की 'किंवा'? तिन्हींत वर असायला हवं म्हटलं की निकष जितके वाढतील तितकी मुलं कमी होतात. कुठल्याही एकात वर असलं तरी पुढे पाहू म्हटलं, की माझ्या वर्गातल्या त्या मुलीसारखं मूल आत येतं. समितीत मी सगळ्यात जास्त भांडले ती या एका शब्दासाठी.

तुम्ही इतकं करा. पालकांना स्वतः नाव सुचवता येतं का ते विचारा. पुष्कळ शाळांत येतं, पण कुणी आपणहून सांगत नाही. चाचणीचे गुण तिच्या वयाच्या मुलांशी ताडतात की वर्गाशी, हेही विचारा, कारण वर्गात वयानं सर्वांत लहान असलेल्या मुलाचं त्यात नुकसान होतं. पुन्हा चाचणी कधी मिळते ते लेखी घ्या.

आणि जाताना प्रगतिपुस्तक नेऊ नका, ते शाळेकडे आहेच. ती घरी कुणी न सांगता जे करत बसते ते न्या, तारीख घालून: तिनं बनवलेल्या खेळाचे नियम, उघडून पुन्हा जोडलेल्या वस्तूचं चित्र, कागदाच्या मागची आकडेमोड. असा कागद टेबलावर आला की आम्ही गुणांचा तक्ता बाजूला सारून तो एकमेकींच्या हातात देत वाचायचो.