जर्नलमध्ये दिसलं तेच लिही

नौपाडा, ठाणे

प्रिय पोरी,

शनिवारी तू जर्नल, तुझी प्रॅक्टिकलची वही, माझ्याकडे ठेवलंस आणि निघताना दारात थांबून विचारलंस, "मावशी, थिअरीत मला सगळं येतं, मग मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला २० पैकी ९ कसे?" तुझी कळव्याची लोकल चुकायला नको म्हणून मी तेव्हा बोलले नाही. रात्री जर्नल पहिल्या पानापासून वाचलं. जे सांगायचंय ते फोनवर दोन वाक्यांत मावणारं नाही, म्हणून पत्र.

आधी मार्कांचं उरकते. अंतर्गत आणि सत्रान्त या दोन्हींत तुला वेगवेगळं पास व्हावं लागतं, एकातले जादा मार्क दुसऱ्याला उसने देता येत नाहीत. कोणत्या ग्रेडला किती टक्के हे मधल्या वर्षांत बदलत आलंय, त्यामुळे सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नकोस, तुझ्या बॅचचा तक्ता ऑफिसमधून मागून घे. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नकोस. जर्नल सर्टिफाय झाल्याशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही, हे तुला माहीतच आहे. इतकं पुरे.

आता ग्रॅम स्टेनिंगचं, म्हणजे जिवाणूंना रंग देऊन गट ओळखायचं पान काढ. जांभळा रंग टिकला तर ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी झाला तर ग्रॅम निगेटिव्ह. द्राक्षांच्या घडासारखे जांभळे गोल काढलेस, सगळे एका मापाचे. खाली सुंदर अक्षरात "स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ग्रॅम पॉझिटिव्ह". समासात सरांनी लाल पेनाने एकच शब्द लिहिलाय, "स्लाइड?" तुझे मार्क तिथे गेलेत. शनिवारी चहा पिताना तूच म्हणालीस की तुझ्या स्लाइडवर निम्मे गोल गुलाबी आले होते, म्हणून चित्र मैत्रिणीच्या स्लाइडवरून काढलं. अगं, ते गुलाबी गोलच तर खरं प्रॅक्टिकल होतं!

बघ, क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग एक मिनिट, ग्रॅम्स आयोडिन एक मिनिट, इथवर सहसा कुणाचं बिघडत नाही. कसोटी अल्कोहोलला लागते. स्लाइड तिरकी धरायची, थेंब थेंब सोडायचे, नजर खालच्या कडेवर. ओघळ जांभळा येतो, मग फिकट, आणि निवळ झाला की त्याच क्षणी पाण्याखाली धरायची. पाच-दहा सेकंद जास्त झाले की ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीही रंग सोडते आणि शेवटी टाकायच्या सॅफ्रॅनिनचा गुलाबी घेऊन बसते. कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, दोन-तीन दिवसांचं शिळं असेल तरी असंच होतं, कारण पेशीभित्तिका कमजोर झालेली असते. उलट स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला थर, जाड झाला तर ग्रॅम निगेटिव्ह ई. कोलायसुद्धा जांभळा दिसतो. तू जर लिहिलं असतंस की "निम्म्या पेशी गुलाबी, अल्कोहोल जास्त वेळ राहिलं असावं किंवा कल्चर जुनं, २४ तासांच्या आतल्या कल्चरवर पुन्हा करणार", तर तुला विषय कळलाय हे सरांना दिसलं असतं. पुस्तकातला जांभळा घड कुणालाही काढता येतो.

ज्याच्या नावाने आपण हे स्टेनिंग करतो, त्या हान्स क्रिश्चन ग्रॅमने १८८४ मध्ये बर्लिनहून ही पद्धत छापली. तेव्हा त्यानेच लिहिलं होतं की ती अजून फार सदोष आणि अपुरी आहे, इतरांच्या हाती ती उपयोगी ठरावी एवढीच आशा. हे वाचल्यावर स्वतःच्या फसलेल्या स्लाइडची लाज वाटायचं कारण उरत नाही, असं मला मनापासून वाटतं.

माझंही एक सांगते. एस.वाय.ला होते. मासुंदा तलावाचं पाणी आणलं होतं, त्यातले जिवाणू मोजायला. १ मिली पाणी ९ मिली सलाइनमध्ये, त्यातलं १ मिली पुढच्या ट्यूबमध्ये, असं दहा-दहा पटीने पातळ करत गेलो आणि प्लेटा लावल्या. ३० ते ३०० कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे ठिपके, असतील तीच प्लेट मोजायची. दुसऱ्या दिवशी पाहते तर माझ्या प्लेटवर एकच कॉलनी सायीसारखी कडेपर्यंत पसरलेली. मोजायचं काय? मी शेजारणीच्या वहीत डोकावले, आकडा थोडा फिरवला आणि १४२ लिहून मोकळी झाले. बाईंनी वही वाचली, काही न बोलता माझी प्लेट आणली, उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "मोजून दाखव." मी प्लेटवर बोट ठेवून नुसती उभी राहिले. शून्य मिळालं. बाई एवढंच म्हणाल्या, "स्प्रेडर आला, मोजता आलं नाही, असं लिहिलं असतंस तर पूर्ण मार्क देणार होते." ते शून्य आजही माझ्या पोटात कालवतं, कारण मार्क माझ्या हातात होते आणि मीच ते खोट्या आकड्यापायी घालवले.

आणखी एक. तू मोबाइलवर प्लेटांचे फोटो दाखवलेस, त्यात नाव आणि डायल्यूशन, म्हणजे किती पटीने पातळ केलं ते, झाकणावर लिहिलंय. तळावर लिही. झाकणं अदलाबदल झाली की अख्खं प्रॅक्टिकल वाया जातं. तुला ही बारीकसारीक कटकट वाटेल, म्हणून मल्कोवालची हकिगत सांगते. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, हाफकिन या शास्त्रज्ञांनी लस बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मल्कोवाल गावात १०७ जणांना ती लस दिली गेली, आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळा दोष हाफकिन यांच्यावर आला. पण नोंद होती. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या आणि दगावलेले सगळेच्या सगळे "५३-एन" या एका बाटलीतले होते. ती उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि त्याने तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिक या जंतुनाशकात बुचकळून वापरला होता. हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला गेला तो १९०७ मध्ये. परळच्या ज्या संस्थेला आज त्यांचं नाव आहे, तिथवर ही गोष्ट पोचते ती एका बाटलीवरच्या लेबलमुळे. म्हणून सर जेव्हा कल्चर उचलायच्या तारेसाठी "लूप लाल होऊ दे" म्हणून ओरडतात, त्याचे वेगळे मार्क ठेवतात, तेव्हा रागावू नकोस.

महापेला औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये मी बरीच वर्षं काढली. तिथे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचे, जे लिहिलं नाही ते केलंच नाही. आकडा चुकला तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर दिसला की ऑडिटर तिथेच थांबतो. तुझ्या जर्नलमध्ये मी सात ठिकाणी व्हाइटनर मोजला. आजपासून ती बाटली दप्तरातून काढ.

सोमवारी सरांना भेट. "सर, मार्क वाढवा" म्हणू नकोस. "स्लाइडला किती, निरीक्षणाला किती, व्हायवाला, म्हणजे तोंडीला, किती, आणि मी कशात कमी पडले" असं विचार आणि ते सांगतील ते तिथल्या तिथे लिहून घे. ग्रॅम स्टेनिंग पुन्हा करायला परवानगी माग. लॅब असिस्टंट काकांना आदल्या दिवशी सांगितलंस तर ताजं कल्चर मिळेल.

आणि हो, एमपीएनच्या, म्हणजे पाण्यातल्या जिवाणूंच्या अंदाजी मोजणीच्या, पानावर तारीखच नाही. अंदाजाने मागची टाकू नकोस. आजची टाक, शेजारी "उशिरा केलेली नोंद" असं लिही आणि सही कर.

तुझी मावशी