शिडाच्या जहाजावर सुट्टी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स्कूनरवरच्या, म्हणजे दोन किंवा अधिक डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजावरच्या, तीन दिवसांच्या सफरीचे आरक्षण केले आहे. ‘प्रवाशांनी शिडे चढवायला हात लावावा’ असे माहितीपत्रकात लिहिले आहे. वय ५८, अनुभव शून्य, दंडात जोर बेताचाच. माझा अडथळाच होईल का?

उत्तर : होणार नाही. जोर दहाजणांचा मिळून लागतो, तुमच्याकडून हवे ते लक्ष.

पारंपरिक स्कूनरच्या मुख्य शिडाची वरची कड एका काठीला बांधलेली असते. ती गॅफ. तिला वर न्यायला दोन दोर असतात : डोलकाठीकडचे टोक उचलणारा थ्रोट हॅलयार्ड आणि बाहेरचे टोक उचलणारा पीक हॅलयार्ड. प्रत्येक दोराला एक टोळी लागते. गॅफ जवळपास आडवी राहील अशा बेताने दोघींनी सारखे ओढायचे. पीकवाले जोशात पुढे गेले, की डोलकाठीला कवेत घेणारा गॅफचा जबडा तिरका होऊन अडकतो. मग थ्रोटवाले नुसते लोंबकळत राहतात. अशा वेळी आणखी ओढू नका. पीक हातभर सोडला की जबडा मोकळा होतो. थ्रोट पूर्ण चढला की तो बांधायचा आणि मग एकटा पीक ओढत राहायचा, शिडाच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून खालच्या डोलकाठीकडच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी चुणी उमटेपर्यंत. ही चुणी चूक समजून लोक दोर सैल करायला धावतात. ती हवीच असते. शिडात वारा भरला की नाहीशी होते.

दोर बांधायचा तो उभ्या खुंटीला, म्हणजे बिलेइंग पिनला. आधी पिनच्या खालून एक वळसा, मग वर-खाली इंग्रजी आठच्या आकाराचे तीन-चार वेढे. भार पेलते ते घर्षण. शेवटी गाठ मारायची की नाही, ते त्या जहाजाच्या खलाशांना विचारा. हॅलयार्डला गाठ न मारण्याची पद्धत बऱ्याच जहाजांवर आहे, कारण शीड घाईने उतरवायची वेळ आली तर गाठ नडते. सोडताना सगळे वेढे एकदम काढू नका. खालचा वळसा ठेवून दोर थोडा थोडा जाऊ द्या. तो हातातून सरकू लागला तर मुठीत करकचून धरण्याचा मोह होतो आणि तळव्याची सालटी निघतात. हातावर दोर गुंडाळणे आणि दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवणे, या दोन गोष्टी मात्र कधीच नाही.

उरलेल्या दोराचे वेटोळे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घाला. नेहमीचा उजव्या पिळाचा दोर उलटा गुंडाळला तर त्याला आढ्या पडतात आणि शीड उतरवताना नेमकी तीच आढी कप्पीत जाऊन बसते.

प्रश्न : सुकाणू हातात देतात म्हणे. जहाज सरळ का राहत नाही?

उत्तर : कारण नवखा माणूस होकायंत्राकडे टक लावून बसतो. जड जहाज उशिरा वळते. वळलेले दिसेपर्यंत चाक जास्त फिरवून झालेले असते. चाक थोडे फिरवा, थांबा, जहाजाचे पुढचे टोक वळू लागले की लगेच परत आणा. नजर समोरच्या टेकडीवर किंवा ढगावर ठेवा, होकायंत्र अधूनमधून पाहा. वारा मागून असेल तेव्हा जास्त सावध राहा. दिशा चुकली तर शिडाखालचे आडवे लाकूड, म्हणजे बूम, सपकन दुसऱ्या बाजूला येते. त्याच्या वाटेत डोके नको.

प्रश्न : बस लागते. बोटीवर काय होईल?

उत्तर : बहुतेक लागेल. शरीराला सवय व्हायला दोन-तीन दिवस जातात आणि तोवर तुमची सफर संपलेली असेल, म्हणून सवयीवर भिस्त ठेवू नका. सिनारिझिन किंवा मेक्लिझिन हे मळमळीवरचे औषध उलटीनंतर घेऊन उपयोग नाही. जहाज हलायच्या एक-दोन तास आधी घ्यावे लागते. झोप येते, तेव्हा घरी एकदा घेऊन पाहा. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. डेकवर मधोमध बसा, क्षितिज पाहा, कोरडे काहीतरी थोडे थोडे खा. खाली केबिनमध्ये पुस्तक वाचणे म्हणजे आमंत्रणच. उलटी आलीच तर वारा ज्या बाजूला जातो तिकडच्या कठड्याशी जा, एका हाताने घट्ट धरून.

प्रश्न : पोहता येत नाही. चालेल का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी चालते, पण आरक्षणाआधीच सांगा आणि लाइफ जॅकेट तुमच्या मापाचे आहे का ते पहिल्याच तासात घालून पाहा.

प्रश्न : सामानात काय घ्यावे?

उत्तर : आधी बॅग. ती मऊ, घडी होणारी हवी. चाकांच्या सुटकेसला केबिनमध्ये जागाच नसते. रेनकोट पायघोळ नको, जाकीट आणि पँट वेगळी घ्या. जीन्स भिजली की सफरभर ओलीच राहते. लोकरी किंवा सिंथेटिक कपड्यांचे दोन-तीन थर बरे. बूट मऊ, डाग न पाडणाऱ्या तळव्याचे. चष्म्याला दोरी, लांब केस बांधलेले, अंगठ्या घरी. लाल प्रकाशाचा हेडलॅम्प असेल तर रात्री डेकवर इतरांचे डोळे दिपत नाहीत. गोडे पाणी टाकीत मोजकेच असते, त्यामुळे रोजच्या आंघोळीऐवजी ओले पुसणे धरून चला. आणि पंपाच्या संडासात कागदसुद्धा विचारूनच टाका : नळी तुंबली तर ती कोणाला तरी हाताने उघडावी लागते.