कष्ट सोसले, हाल झाले की खस्ता खाल्ल्या?

प्रश्न असा आहे. एका वाचक बाईंनी फ्रँक हर्लीवर लेख लिहिलाय. हा ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार शॅकल्टनच्या 1914 च्या अंटार्क्टिका मोहिमेत होता. लेखात वाक्य आहे, ‘हर्लीने छायाचित्रांसाठी अतोनात कष्ट सोसले.’ त्यांचा मुलगा म्हणतो, इथे ‘हाल’ हवं. बरोबर कोणाचं?

मला विचाराल तर आधी क्रियापदांकडे बघावं. कष्ट आपण करतो, घेतो, उपसतो. हाल होतात. ‘हर्लीने हाल केले’ म्हटलं तर त्याने दुसऱ्या कोणाला तरी छळलं असा अर्थ होईल. म्हणजे कष्टांत माणूस कर्ता असतो आणि हालांत त्याच्या हाती काही उरलेलं नसतं.

दोन्ही शब्दांचे अर्थ मराठीत बदलत आले आहेत. संस्कृतात ‘कष्ट’ म्हणजे दुःख, पीडा. मराठीने त्याला श्रमाचा अर्थ दिला, म्हणून आपल्याकडे ‘कष्टकरी’ हा मानाचा शब्द आहे. जुना अर्थ ‘मन कष्टी झालं’मध्ये अजून टिकून आहे. ‘कष्ट सोसले’ही त्या जुन्या अर्थाने चालतं, त्यामुळे बाईंचं वाक्य चूक नाही. ‘हाल’ मूळ अरबी, अर्थ नुसती स्थिती. ‘हालहवाल’मध्ये तोच आहे. मराठीत मात्र एकटा ‘हाल’ दुर्दशेकडे झुकला, आणि तोही अनेकवचनात. ‘त्याचा हाल झाला’ असं आपण म्हणत नाही.

आता हर्लीकडे येऊ. मोहिमेचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज जानेवारी 1915 मध्ये वेडेल समुद्रातल्या बर्फात अडकलं. डार्करूम प्रायमस स्टोव्हने तापवावी लागे. काचेच्या प्लेटा, म्हणजे तेव्हाच्या निगेटिव्ह, धुवायचं पाणी कोमट ठेवलं नाही, तर त्या बर्फाच्या लादीतच थिजायच्या. ऑगस्टमधल्या एका रात्री बर्फाच्या उंचवट्यांआड वीसेक फ्लॅश लावून त्याने जहाजाचं छायाचित्र घेतलं. त्या झगझगाटाने डोळे दिपून तो अंधारात ठेचकाळत राहिला, नडग्या फोडून घेतल्या. हे सगळे कष्टच, कारण त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरअखेर जहाज सोडावं लागलं. तरी चिरडलेल्या जहाजात परत जाऊन, कमरेपर्यंत उघडा होऊन, बर्फाळ पाण्यात बुडी मारून त्याने निगेटिव्हचे डबे वर काढले. यालाही मी कष्टच म्हणेन, जिवावर उदार होऊन घेतलेले.

हाल पुढचे. अठ्ठावीस माणसं बर्फाच्या तरंगत्या थरांवर तंबूंत राहिली, एप्रिल 1916 मध्ये होड्यांतून अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावर पोचली. शॅकल्टन पाच जणांसह मदत आणायला निघाला. उरलेल्या बावीस जणांनी उलट्या घातलेल्या दोन होड्यांखाली, सील आणि पेंग्विन खाऊन चार महिने काढले. ब्लॅकबरो या तरुण खलाशाच्या हिमदंशाने गेलेल्या पायाची बोटं तिथेच कापावी लागली. 30 ऑगस्टला सुटका झाली. इथे ‘हालअपेष्टा’ हा जोडशब्दही शोभेल.

पण बाईंच्या वाक्यात ‘छायाचित्रांसाठी’ आहे, आणि त्यासाठी मराठीत तिसरा शब्द आहे: खस्ता. फारसीत ‘खस्ता’ म्हणजे जखमी, थकलेला. मराठीत खस्ता स्त्रीलिंगी, बहुवचनी, आणि त्या खाव्याच लागतात. बहुधा कोणासाठी तरी, आणि दीर्घकाळ. ‘आईने मुलांसाठी खस्ता खाल्ल्या’ हे आपण सहज म्हणतो. हर्लीचं तेच आहे. खासगी सामान माणशी 2 पौंड वजनाचंच न्यायचं ठरलं, तेव्हा त्याने शॅकल्टनसोबत बसून सुमारे 120 प्लेटा निवडल्या आणि सुमारे 400 फोडून टाकल्या, पुन्हा मोह होऊ नये म्हणून. कॅमेरे सोडले, एक खिशात मावणारा कोडॅक आणि तीन रोल तेवढे ठेवले. निवडलेल्या काचा बर्फावरून, होडीतून, बेटावरून सुटकेपर्यंत सांभाळल्या. म्हणून मी लिहीन, ‘हर्लीने या छायाचित्रांसाठी खस्ता खाल्ल्या.’ मोहिमेबद्दल बोलताना ‘हाल’, डार्करूमबद्दल ‘कष्ट’.

एक विनंती. लेखात पुढे ‘हाल कुत्रा खाईना’ आलंय. एरवी हा झणझणीत वाक्प्रचार मला फार आवडतो, पण इथून काढावा. त्या मोहिमेत स्लेज ओढणारी कुत्री गोळ्या घालून मारावी लागली, शेवटी काहींचं मांसही माणसांनी खाल्लं. त्याच पानावर हे शब्द वाचताना फार बोचतात.